सहा नंबरच्या लाइनची कबुली

वाळूजच्या आमच्या कंपनीत अकरा लाइन होत्या. सहा नंबरची लाइन बंद पडत नाही, एवढंच मला पहिल्या आठवड्यात कळलं.

कंपनी हार्नेस बनवते. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटात असते ती वायरींची जुडी. बॅटरीपासून दिव्यापर्यंत सगळं जोडणारी. मोठ्या फळीवर खिळे ठोकलेले असतात. त्या खिळ्यांमधून रंगीत वायरी अंथरायच्या, टोकांना कनेक्टर लावायचे, वरून टेप गुंडाळायची, शेवटी मशीनवर तपासायचं. एका लाइनवर सात जण. एक जण आला नाही की लाइन थांबायची. मग लीडर प्लॅनिंगला फोन करायचा. प्लॅनिंगवाले एचआरला विचारायचे. एचआरवाले दुसऱ्या लाइनच्या लीडरला. तो म्हणायचा, माझ्याकडंच माणूस कमी आहे. तोवर जेवणाची सुट्टी व्हायची.

सहा नंबरवरून असा फोन कधी गेला नाही. तिथले लीडर चांदपाशा शेख. वय चोपन्न. खुलताबादहून रोज मोटरसायकलवर यायचे. कंपनीत सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली सतरा याच लाइनवर. सगळे त्यांना भाई म्हणायचे. सव्वीस वर्षांत त्यांनी कंपनीकडं स्वतःसाठी काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांना एकच हवं होतं. ही लाइन फुटू नये.

मी ट्रेनिंग विभागात कंत्राटावर होतो. मराठीत एम.ए. केलं होतं आणि हजेरीचे तक्ते भरत होतो. सहा नंबरवर दुसऱ्याच दिवशी माझं नाव पडलं. एम्मे.

"मराठीतच केलंस ना रे एम.ए.?" धम्मपालनं विचारलं. तो टेपिंगला होता. लाइनवर सगळ्यात जास्त तोच बोलायचा.

"हो."

"मग आमचं बोलणं समजतंय का तुला, का दुभाष्या देऊ?"

"कशाला छळतूस त्याला," द्वारकाबाई म्हणाल्या. "शिकून आलंय लेकरू. हुती एखाद्याकडून चूक."

सगळे हसले. मीही हसलो. मला तिथं बरं वाटलं.

पहिली पाळी सातला सुरू व्हायची. पावणेसातला सहा नंबरचे सातही जण फळीभोवती उभे राहायचे. मशीन बंद, हात मोकळे. याला ते कबुली म्हणायचे. काल आपल्याकडून काय चुकलं ते ज्यानं त्यानं सांगायचं. दुसऱ्याचं सांगायचं नाही. नियम एवढाच.

आधी भाई बोलायचे. नेहमी.

"कल मैंने हिरवी वायर पिवळ्याच्या घरात घातली. खिळ्यावरचा नंबर देखाच नै. ध्यान माहनूरच्या परीक्षेत होतं."

माहनूर त्यांची मुलगी. नर्सिंगला होती.

"चांदभाऊ, किती चुकताव हो तुम्ही," द्वारकाबाई म्हणाल्या. "कंपनी ठिवती कशी तुम्हाला?"

"कंपनीला कळलं नाय अजून," धम्मपाल म्हणाला.

हसणं झालं. मग नौशीन बोलली. ती बावीस वर्षांची. कंत्राटावरची, लाइनवर सगळ्यात नवी.

"भाई, मेरे से दो कनेक्टर उलटे गए. टेस्टिंगच्या आधी मीच काढले."

"किधर?"

"चौथ्या जागेवर."

"चल. आज चौथ्या जागेची उस्ताद तू."

ज्याची चूक, तो त्या दिवशी त्या जागेचा उस्ताद. ही त्यांची पद्धत. चुकणाऱ्यानं शेजारी दुसऱ्याला बसवायचं आणि दाखवायचं. हात इथं येतो, नजर तिथं जाते, म्हणून असं होतं. नौशीननं त्या दिवशी धम्मपालला शिकवलं. धम्मपाल तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी जुना. तो मुकाट्यानं बसला आणि शिकला.

अशा चुका फिरत राहिल्या आणि माणसंही फिरत राहिली. सातही जणांना सातही जागा यायला लागल्या. बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, भाई आणि नौशीन नसायचे, तरी लाइन चालायची. पंधरा एप्रिलला धम्मपाल नसायचा, आदल्या दिवशीच्या मिरवणुकीत त्याचा आवाज बसलेला असायचा. चालायची. एकदा गाडीवाल्या कंपनीनं सहा भोकांचा कनेक्टर बदलून आठ भोकांचा पाठवला. दहा लाइन दोन दिवस ट्रेनिंगची वाट बघत उभ्या राहिल्या. सहा नंबरवर भाईंनी तो कनेक्टर सगळ्यांच्या हातात फिरवला. म्हणाले, "पहिले कौन गलत लगाएगा?" द्वारकाबाईंनी हात वर केला. दुपारी बारापर्यंत लाइन चालू होती.

ही बातमी पुण्याला मुख्य कचेरीत गेली. तिथून राजनंदिनी मॅडम आल्या.

मॅडम चाळिशीच्या. साध्या. कॅन्टीनमध्ये स्वतःचं ताट स्वतः उचलायच्या. त्यांच्याकडं कंपनीची नवी योजना होती. चार प्लँट, चोवीसशे माणसं. लाइनवरचा एक प्रश्न पुण्याला जाऊन उत्तर येईपर्यंत नऊ दिवस लागतात, असं त्यांनी मोजलं होतं. त्यांना अशा टीम हव्या होत्या ज्या वाट बघत बसणार नाहीत. प्रसंग येईल तशा वाकतील, वळतील, आपलं आपण ठरवतील. त्या तीन दिवस सहा नंबरवर उभ्या राहिल्या. कबुली ऐकली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "आम्ही हेच बाहेरच्या लोकांकडून शिकायला निघालो होतो. हे सगळं लिहून काढ. सहा महिने. रोज."

मी रजिस्टर केलं. तारीख, नाव, चूक, जागा, काय शिकलो. पाच रकाने. पान भरलं की लीडरची सही. कंपनीत सहीशिवाय कागद कागद नसतो. भाई उर्दू शाळेत शिकलेले. मराठी सावकाश वाचायचे. पानावर बोट ठेवून वाचायचे आणि सही करायचे.

"सब लिखा?"

"सगळं."

"अच्छा लिखता तू. साफ."

मला अभिमान वाटायचा. भाईंच्या चुका लिहायला मला आवडायचं. त्यात नेहमी काहीतरी गोष्ट असायची. माशी बसली म्हणून, चहा गोड होता म्हणून, घाटात ट्रक आडवा होता म्हणून. एम.ए.ला दोन वर्षं मी ओळींच्या मागचा अर्थ शोधत होतो. इथं जे कानावर पडलं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

एकदा पाळी सुटल्यावर भाईंनी मला मोटरसायकलवर शहागंजला नेलं. माहनूरसाठी पांढरे बूट घ्यायचे होते. बूट घेतले. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ त्यांनी गाडी हळू केली आणि एका दुकानाकडं मान वळवली. तिथं आता मोबाईलची कव्हरं टांगलेली होती.

"इधर रेडिओचं दुकान था. मैं पंधरा वर्षांचा. इथंच वायर हातात घेतली पहिल्यांदा."

पुढं चहा पिताना बाकीचं सांगितलं. एका गिऱ्हाइकाचा टेपरेकॉर्डर त्यांच्या हातून जळाला. उस्तादनं विचारलं, किसने किया? हे गप्प बसले. शेजारी तौफिक नावाचा मुलगा काम करायचा. उस्तादनं त्याला काढलं.

"मग?"

"मग काय. गेला."

"नंतर भेटला का कधी?"

"दोनदा दिखा. मैंने रास्ता बदला."

त्यांनी चहा संपवला. आणखी एक मागवला. तोही संपवला.

सहा महिने झाले. मी रजिस्टर एक्सेलमध्ये भरून पुण्याला पाठवलं. त्याच महिन्यात कळलं की बिडकीनला कंपनीचा नवा प्लँट सुरू होणार. इथल्या पाच लाइन तिकडं जाणार. बाकीच्या हळूहळू बंद. कोण जाणार हे पुण्याला ठरणार होतं. प्रत्येक माणसाची सगळी माहिती एका तक्त्यात ओतली गेली. हजेरी, वय, चुका. कुठल्याच लाइनवर कोण किती चुकतं याची नावानिशी नोंद नव्हती. फक्त सहा नंबरची होती.

यादी माझ्याच संगणकावर आली. सहा नंबरची लाइन आदर्श म्हणून सगळ्यात आधी बिडकीनला. खाली दुसरी यादी. कामगिरी सुधारण्याची गरज असलेले कर्मचारी. त्यात पहिलं नाव, शेख चांदपाशा. सहा महिन्यांत चुका एकशे सत्त्याऐंशी.

मी बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसलो. मग टेस्टिंग मशीनची नोंद काढली. सहा महिन्यांत अख्ख्या लाइनच्या चुका अठ्ठावन्न. अकरा लाइनमध्ये सगळ्यात कमी.

तेव्हा मला कळलं. दुसऱ्या कुणाला तोंड उघडता यावं म्हणून भाई आधी बोलायचे. रोज चूक कुठून आणणार? ते बनवायचे. काही चुका नौशीनच्या होत्या, ती सांगायला घाबरायची त्या दिवसांतल्या. काही द्वारकाबाईंच्या होत्या. त्यांना निळी आणि जांभळी वायर वेगळी दिसेनाशी झाली होती. त्या कुणाला सांगत नव्हत्या. भाई स्वतःच्या नावावर चूक सांगायचे आणि त्यांना हळूच टेपिंगला बसवायचे. बाकीच्या चुका कुणाच्याच नव्हत्या. लाइनवरच्या प्रत्येकाला हे माहीत होतं. द्वारकाबाई रोज त्यावर थट्टा करत होत्या. मी ती थट्टाही ऐकली होती. लिहिली नव्हती एवढंच.

मी मॅडमकडं गेलो. त्या आठवड्यात त्या वाळूजलाच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग भाईंना बोलावलं.

भाई खुर्चीच्या कडेवर बसले. हाताला टेपचा चिकटा होता, तो पँटला पुसत होते.

"चांदपाशाजी, मशीन म्हणतं अठ्ठावन्न. तुम्ही एकट्यानंच सांगितल्या एकशे सत्त्याऐंशी."

"मशीनला सगळं कुठं दिसतं मॅडम."

"नऊ फेब्रुवारीला तुम्ही रजेवर होतात. दहाच्या कबुलीत तुमच्या नावावर तीन चुका आहेत. आदल्या दिवशीच्या."

भाई हाताचा चिकटा नखानं काढत राहिले.

"कुणाच्या त्या?"

"माझ्या."

"तुम्ही नव्हतात."

"नव्हतो म्हणून तर झाल्या."

मॅडम हसल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची थोडी पुढं घेतली आणि सरळ सांगितलं. नोंदी पुण्याला गेल्या आहेत, प्रत्येक पानावर सही आहे. त्या खोट्या म्हटल्या तर चौकशी लागेल. खोटी नोंद हा कंपनीत मोठा गुन्हा. कबुलीही बंद होईल. दुसरा रस्ता म्हणजे ज्याची चूक त्याचं नाव. तेवढी दुरुस्ती त्या करू शकत होत्या.

"नावं दिली तर त्यांचं काय होणार?" भाईंनी विचारलं.

"ती यादीत येतील. नौशीन कंत्राटावर आहे. तिचं पुढं चालू ठेवता येणार नाही."

"आणि लाइन?"

"लाइन फुटेल."

"आणि जे लिवलंय ते तसंच राहू दिलं तर?"

मॅडम थांबल्या. "तुम्हाला काढणार नाहीत. पण बिडकीनला जाता येणार नाही. इथल्या भंगार स्टोअरला जागा आहे, तिथं. लाइन जशीच्या तशी जाईल. धम्मपाल लीडर. तुमच्या जागी एक नवा."

"फोडणार नाही?"

"मी आहे तोवर नाही. शब्द देते."

भाई उठले. "मग राहू द्या मॅडम. माझंच आहे ते."

मी तिथंच उभा होतो. हा शब्द कागदावर द्या, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. मॅडम चांगल्या होत्या.

बातमी जेवणाच्या सुट्टीत लाइनवर पोचली. नौशीनचा डबा उघडाच राहिला.

"मैं जाके बोलती. मेरी कितनी हैं, मेरेकू मालूम."

"कुछ नै बोलना," भाई म्हणाले.

"पण भाई..."

"नै बोला ना. बैठ. खाना खा."

त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. द्वारकाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "चांदभाऊ, मी म्हातारी व्हायला लागले. माझं नाव दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"आक्का, तुम्ही गेल्या तर मला चुकताव म्हणणार कोण?"

कुणी हसलं नाही. धम्मपाल डबा बंद करून उठला. तो माझ्याजवळ आला.

"एम्मे, ते रजिस्टर किती पानांचं?"

"एकशे अठ्ठावीस."

"त्यात तुझं नाव कुठल्या पानावर हाय?"

मी मनात पानं उलटायला लागलो.

"रोज पावणेसातला उभा राहायचास आमच्यात. सहा महिने. एकदा तरी बोललास का, काल माझ्याकडून हे चुकलं म्हणून?"

"धम्मा, छोड," भाई म्हणाले.

"सोडलं," धम्मपाल म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

जूनच्या पहिल्या सोमवारी लाइन बिडकीनला गेली. भाई भंगार स्टोअरला गेले. जुन्या प्लँटच्या मागच्या शेडमध्ये. वायरीचे तुकडे येतात, ते तांबं आणि प्लास्टिक वेगळं करायचं, पोत्यात भरायचं. सोबत माणूस नव्हता. मी आठवड्यातले तीन दिवस बिडकीनला, दोन दिवस वाळूजला असायचो. वाळूजला आलो की भाई विचारायचे, "कैसी है लाइन?" मी म्हणायचो, "चांगली आहे."

ती चांगली नव्हती.

बिडकीनचा प्लँट मोठा. फरशी पांढरी. प्रत्येक लाइनवर एक पडदा लावलेला. भिंतीवर निळी पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द. कबुली. पुण्यानं तो शब्द उचलला होता. सगळ्या प्लँटमध्ये आता कबुली सक्तीची होती. उभं राहून बोलायचं नाही. टॅबवर भरायची. कर्मचारी क्रमांक, तारीख, वेळ, चूक, कारण.

पहिल्या दिवशी धम्मपालनं आधी भरली. भाईंसारखीच, एक लहानशी, बनवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर त्याचं नाव लाल अक्षरांत होतं. शेजारी आकडा, एक. सगळ्यांनी ते वाचलं. त्या दिवशी कुणी चूक भरेना. पण फॉर्म भरल्याशिवाय मशीन सुरू होत नव्हतं. खाली एक बटण होतं. त्यावर लिहिलं होतं, निरंक.

फॉर्म मराठीत मीच केला होता. 'काही चुकलं नाही' एवढं त्या बटणात मावत नव्हतं. सरकारी कागदांवर असतो तो शब्द मला आठवला. छोटा होता. बसला.

त्या दिवसापासून सातही जण निरंक दाबायला लागले. टॅब हातातून हातात जायचा. टक, टक, टक. अर्ध्या मिनिटात कबुली संपायची. कुणी कुणाचा उस्ताद होईना. जागा फिरेनात. द्वारकाबाईंचं माहेरचं गाव प्लँटच्या मागंच होतं, खिडकीतून दिसायचं, तरी त्या खिडकीकडं जायच्या नाहीत. एकदा माझ्याजवळ म्हणाल्या, "एम्मे, आता चुकायचीबी भीती वाटती आन् न चुकायचीबी."

पुण्याच्या तक्त्यात मात्र ही लाइन सगळ्यात वर होती. तीन महिने निरंक. कंपनीतली सर्वोत्तम टीम. तोवर राजनंदिनी मॅडमची बदली चेन्नईच्या कामावर झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी तक्ता पाहिला आणि ठरवलं, अशी माणसं एकाच जागी ठेवणं बरोबर नाही. त्यांना वेगवेगळ्या लाइनवर पाठवू. ते जातील तिथं अशीच टीम तयार होईल.

मी साहेबांकडं गेलो. मॅडमनी शब्द दिला होता, असं सांगितलं.

"मेल आहे का?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरोखर विचारलं.

"नाही."

"मग मी काय बघू?"

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी उचलला. सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "माझ्या हातात आता ते काहीच नाही रे." मग म्हणाल्या, "चांदपाशाजींना सांगू नकोस."

सोमवारी लाइन फुटली. धम्मपालनं दोन दिवस नव्या लाइनवर काढले, तिसऱ्या दिवशी राजीनामा दिला. नौशीन नऊ नंबरवर गेली. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. गुरुवारी तिच्या हातून कनेक्टर उलटे लागले. एक नाही, सगळ्या खेपेचेच. तिला जेवणाच्या सुट्टीत कळलं. ती कुणाला बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅब तिच्या हातात आला, तिनं निरंक दाबलं. तासाभरात टेस्टिंगला सगळी खेप सापडली. चूक केली म्हणून तिला काढलं नाही. खोटी नोंद केली म्हणून काढलं.

ती गेली तेव्हा मी गेटपर्यंत गेलो होतो. ती रडत नव्हती. म्हणाली, "भाई को मत बोलना." दुसऱ्यांदा मला हेच सांगितलं गेलं.

मंगळवारी मी वाळूजला होतो. दुपारचे बारा वाजले असतील. शेडच्या पत्र्यानं आत भट्टी झाली होती. भाई पोत्याचं तोंड शिवत होते.

"कैसी है लाइन?"

मी चांगली आहे म्हणायला तोंड उघडलं. म्हणता आलं नाही.

त्यांनी सुई खाली ठेवली. मग एकेकाचं विचारायला लागले. घाई नव्हती.

"आक्का किधर?"

"तीन नंबरला. अंथरायला."

"उनकू रंग नै दिखते."

"तिथं कुणाला माहीत नाही."

"तूने बताया नै?"

"कुणाला सांगायचं ते कळलं नाही."

"धम्मा?"

"सोडली नोकरी."

"नौशीन?"

मी सांगितलं. खेप, टॅब, बटण, सगळं. बटणावरचा शब्द कुणी घातला तेही सांगितलं. ते ऐकत होते. त्यांनी मला रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी बघितलंच नाही. दारात वायरीच्या तुकड्यांची ट्रॉली आली होती, तिच्याकडं बघत राहिले.

"एका लाइनसाठी दिया था मैंने नाम," ते म्हणाले. "एक ही लाइन थी."

मग उठले. पोतं अर्धं शिवलेलं तसंच ठेवलं. एप्रन काढून घडी केली. नळावर हात धुतले, कोपरापर्यंत. माझ्याकडं कोरा कागद मागितला. राजीनामा त्यांनी मराठीत लिहिला, सावकाश, एका ओळीत. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, नोटीसचा महिना? ते म्हणाले, जे कापायचं ते कापा.

"भाई, चार वर्षं राहिली आहेत तुमची," मी म्हणालो.

"हौ."

"माहनूरचं शेवटचं वर्ष आहे."

"हौ. मालूम है."

आम्ही गेटपर्यंत चालत गेलो. ते मोटरसायकल ढकलत होते. आवारात गाडी चालू करायची नाही असा नियम होता. गेटवर कडुबा होता. तोही बारा वर्षं तिथंच.

"भाई, आज हाफ डे का?"

"नाय. पूर्ण."

कडुबा हसला. त्याला थट्टा वाटली. त्यानं वही उघडली, नाव लिहिलं, घड्याळाकडं बघून वेळ लिहिली.

"कारण काय टाकू?"

भाईंनी माझ्याकडं पाहिलं. दुपारभरात पहिल्यांदा.

"एम्मे, क्या लिखना? तू बता."

मला एकही शब्द सुचला नाही. कडुबा पेन धरून थांबला होता. मागं ट्रक येऊन उभा राहिला. त्यानं हॉर्न दिला, मग परत दिला. कडुबानं वैतागून वहीत स्वतःच काहीतरी लिहिलं आणि फाटक उघडलं.